शिवणाऱ्याचे नाव : तयार कपड्यांच्या धंद्याचा थोडा इतिहास

ज्या ज्ञातीत पिढ्यान्‌पिढ्या सुई, गज आणि कात्री हीच उपजीविकेची साधने होती, तिच्या स्मरणिकेत शिवणाच्या धंद्याविषयी एखादा लेख असावा हे ओघानेच आले. असे लेख बहुधा पूर्वजांच्या हस्तकौशल्याच्या वर्णनात रमतात. आम्ही येथे निराळा मार्ग धरणार आहोत. आपल्या मुलामुलींपैकी कित्येक जण आता स्वतःच्या दुकानात न बसता मोठ्या कारखान्यांत, यंत्रांच्या रांगेत बसून, दिवसभर केवळ बाह्या किंवा केवळ खिसे शिवण्याचे काम पत्करीत आहेत. हा धंदा कोठून आला, त्यात अपार संपत्ती कोणी मिळविली, आणि ज्यांच्या हातून टाका पडतो त्यांच्या वाट्यास काय आले, हे त्यांना ठाऊक असावे एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न आहे. हकीकत बव्हंशी परमुलखातील आहे. कारण या धंद्याचे आजचे रूप तेथेच घडले.

गावगाड्यात शिंप्याची गणना अलुतेदारांत होत असे. ज्याच्यासाठी बाराबंदी, कोपरी किंवा चोळी शिवावयाची तो मनुष्य शिंप्याच्या परिचयाचा असे; कापड त्याचे, माप त्याचे आणि तक्रारही तोंडावर. आमच्या आजोबांची एक मापवही आमच्या घरी अद्याप आहे. तीत गिऱ्हाइकांची नावे, छाती, कंबर, बाही यांची मापे आणि कोणाकडे किती शिलाई येणे, हे सारे नोंदलेले आहे. शिवणाऱ्याचे नाव मात्र तीत कोठेच नाही. त्याची गरजच नव्हती. कोट कोणाच्या हातचा हे साऱ्या पेठेला ठाऊक असे. त्या काळी शिंपी सुखी होता असे आमचे म्हणणे नाही. सुगीच्या धान्यावर आणि सणासुदीच्या कामावर वर्ष काढणे किती कठीण होते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी ऐकविलेले आहेच. तथापि शिवणारा व ते वस्त्र अंगावर घालणारा हे एकमेकांस ओळखत होते, एवढे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

शिंप्याची दुर्दशा शिवणयंत्राने केली असा एक समज आपल्याकडे आहे, आणि तो नवा नाही. बार्थेलेमी तिमोनिए नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राचा परवाना मिळविला आणि पॅरिसमध्ये सुमारे ऐंशी यंत्रे मांडून सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला. पुढल्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी चालून जाऊन ती यंत्रे मोडून टाकली. तिमोनिए स्वतः शिंपी, आणि त्याची यंत्रे मोडणारेही शिंपी! १८५७ साली तो दारिद्र्यातच मरण पावला. पुढे अमेरिकेत एलियस होने १८४६ साली आणि आयझॅक सिंगरने १८५१ साली परवाने घेतले. सिंगरच्या कंपनीने हप्तेबंदीवर यंत्रे विकण्याची युक्ती काढली, तेव्हा ती गोरगरिबांच्या घरांत शिरली आणि यथावकाश आपल्याकडेही पोहोचली.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनी १९२४ साली शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला, आणि आपल्या पत्नीचे शिवणाचे कष्ट न पाहवून सिंगरने प्रेमापोटी हे यंत्र केले असे ते म्हणाले. पत्नीच्या कष्टांची ही कथा वास्तविक होच्या नावावर सांगितली जाते. सिंगर महाशयांचे गृहचरित्र इतके गुंतागुंतीचे होते, आणि त्यांची अपत्ये इतक्या निरनिराळ्या घरांत वाढत होती, की त्यांच्यासंबंधी पत्नीप्रेमाची कथा न सांगितलेलीच बरी. असो. महात्माजींच्या म्हणण्याचा आशय मात्र आम्हांस खरा वाटतो. हाताखालचे यंत्र शिवणाऱ्याचा वैरी नव्हे.

याचा पुरावा लंडन शहराने दिला आहे. तेथे शिवणयंत्र घरोघर पोहोचण्यापूर्वीच, सर्व काम हाताने चालत असताना, शिवणाऱ्यांची स्थिती हलाखीच्या टोकाला गेली होती. १८४३ च्या नाताळात टॉमस हूड या कवीने सदरे शिवणाऱ्या एका स्त्रीच्या कष्टांवर लिहिलेली कविता 'पंच' साप्ताहिकात आली, आणि सारे इंग्लंड हळहळले. हळहळण्याने मजुरी वाढत नाही. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८४९ व १८५० साली घरोघर फिरून शिवणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या तोंडून त्यांच्या कमाईचा हिशेब वदवून घेतला आणि तो वर्तमानपत्रात छापला. त्यातून दिसले ते असे : मोठा दुकानदार काम मध्यस्थाला देई, मध्यस्थ ते दुसऱ्याला देई, आणि प्रत्येक हातात थोडे थोडे राहून जे उरेल ते शिवणाऱ्याला मिळे. सैनिक आणि पोलीस यांचे सरकारी गणवेशदेखील याच मार्गाने शिवले जात. या मध्यस्थाला तेथे 'स्वेटर' म्हणत. म्हणजे दुसऱ्याचा घाम काढणारा. आपल्या घरांत हिवाळ्यात ज्या लोकरी कपड्याला आपण प्रेमाने स्वेटर म्हणतो, त्याच शब्दाचा हा दुसरा अर्थ वाचकांस ठाऊक असावा म्हणून नमूद केला. चार्ल्स किंग्जली या पाद्र्याने १८५० साली एक पुस्तिका लिहून स्वस्त कपडे घेणाऱ्यांस बजावले की, ज्या कोंदट खोल्यांत हे कोट शिवले जातात तेथील ताप त्याच कोटांतून श्रीमंतांच्या घरी येईल. दयेने जे साधले नाही ते भयाने साधेल, असा त्याचा होरा असावा. शिवणकामासारख्या काही धंद्यांत किमान मजुरी ठरवून देणारा कायदा इंग्लंडात झाला तो १९०९ साली. म्हणजे मेह्यूच्या लेखांनंतर साठ वर्षांनी.

आता पॅरिसकडे वळू, कारण ज्याला फॅशन म्हणतात त्या धंद्याची पेढी तेथे उघडली, आणि ती उघडणारा गृहस्थ मूळचा इंग्रज होता. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा तरुण कापडदुकानातील उमेदवारी संपवून पॅरिसला गेला व १८५८ च्या सुमारास भागीदारीत स्वतःचे दुकान थाटून बसला. सम्राज्ञी यूजेनी त्याची गिऱ्हाईक झाली आणि युरोपातील राजघराणी मागोमाग आली. तोपर्यंत रीत अशी होती की, गिऱ्हाइकाने सांगावे आणि शिंप्याने शिवावे. वर्थने ती उलटी केली. पोशाख कसा असावा हे तो ठरवी, जिवंत तरुणींच्या अंगावर तो दाखवी, आणि राण्यांनी त्यातून निवड करावी. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे चित्रकार जसा चित्रावर सही करतो तशी आपल्या नावाची विणलेली पट्टी, म्हणजे आज आपण लेबल म्हणतो ते, त्याने पोशाखाच्या आत शिवावयास प्रारंभ केला. कारागिराच्या नावाला असा मान मिळाला याचा कोणाही शिंप्यास अभिमान वाटावा. आम्हांसही प्रथम तसाच वाटला होता. परंतु वर्थच्या कारखान्यात शेकडो हात शिवीत होते आणि पट्टीवर नाव एकाचेच होते. येथून पुढे किंमत नावाला मिळू लागली, टाक्याला नव्हे.

त्याच सुमाराची लंडनमधील एक घटना. १८६३ साली युवराजाचा विवाह डेन्मार्कच्या राजकन्येशी झाला, आणि तिच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभासाठी सरदारस्त्रियांना घाईने पोशाख हवे होते. दरबारी पोशाख शिवणाऱ्या एका प्रतिष्ठित दुकानात मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी इतर साठ मुलींबरोबर सलग साडेसव्वीस तास शिवत बसली होती. एकेका खोलीत तीस मुली, आणि हवा हवी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. शुक्रवारी ती आजारी पडली आणि रविवारी मरण पावली. वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, आणि कार्ल मार्क्सने १८६७ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत नोंदविली; म्हणून तिचे नाव तरी राहिले.

शतक बदलले आणि धंद्याचे केंद्र न्यूयॉर्कला गेले. तेथे नोकरी करणाऱ्या तरुणींत बटणांच्या ब्लाउजची विलक्षण आवड निर्माण झाली होती, आणि ते ब्लाउज शिवणाऱ्याही बहुतांशी रशिया व इटलीतून नुकत्याच आलेल्या तरुणीच होत्या. १९०९ च्या नोव्हेंबरात तेथील सुमारे वीस हजार कामगारांनी संप केला. क्लारा लेमलिक नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलीने सभेत उभे राहून यिद्दिश भाषेत संपाची सूचना मांडली, तेव्हा तिच्या आधी कित्येक पुढाऱ्यांची लांबलचक भाषणे होऊन गेली होती. पुष्कळ मालकांनी तडजोड केली. ट्रायँगल कंपनीने मात्र संघटनेस मान्यता दिली नाही.

या कंपनीचा कारखाना दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. शनिवार, २५ मार्च १९११ रोजी, काम सुटण्याच्या वेळी, आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्यांना आग लागली. दहाव्या मजल्यावरील मालकांना दूरध्वनीने वर्दी मिळाली व ते छपरावरून सुटले. नवव्या मजल्यास कोणी कळविले नाही. तेथील जिन्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. मुली कापड चोरून नेतील म्हणून जाताना दुसऱ्या दारात त्यांच्या पिशव्या तपासण्याची रीत होती. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. अग्निशामकांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. एकशे सेहेचाळीस जीव गेले, त्यांतील १२३ स्त्रिया व मुली. कित्येकींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. खटल्यात, दार बंद असल्याचे मालकांस त्या क्षणी ठाऊक होते हे सिद्ध न झाल्याने ते दोघेही सुटले. आणि १९१३ साली त्यांच्यापैकी एकाला दुसऱ्या कारखान्यात पुन्हा दार कुलूपबंद ठेवल्याबद्दल वीस डॉलर दंड झाला! हा आकडा आम्ही दोनदा ताडून पाहिला.

एवढे मात्र खरे की, त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी मंडळ नेमले व कारखान्यांच्या सुरक्षिततेचे कायदे एकामागून एक केले. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहणाऱ्या फ्रान्सिस पर्किन्स पुढे १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. शिवणाऱ्यांची संघटना बलवान झाली, मजुरी वाढली. आणि मजुरी वाढताच धंदा उठून जेथे ती कमी होती तेथे निघाला : प्रथम अमेरिकेच्याच दक्षिणेकडे, मग हाँगकाँग, तैवान आणि कोरिया. १९७४ साली श्रीमंत राष्ट्रांनी आयात कपड्यांवर देशवार मर्यादा घातल्या, तेव्हा कोरियातील कारखानदारांना अशी भूमी हवी झाली की जिच्यावर मर्यादेचा भार पडलेला नव्हता. १९७९ साली बांगलादेशातील 'देश गारमेंट्स' या कंपनीने एकशे तीस कामगार कोरियातील पुसान येथे शिक्षणासाठी पाठविले. त्यांतील कित्येकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि ज्या ढाक्याची मलमल एके काळी जगाने डोक्यावर घेतली होती तेथे आता लाखो यंत्रांवर परदेशी नावांचे सदरे शिवले जाऊ लागले. खेड्यांतून आलेल्या लक्षावधी तरुणींच्या हाती प्रथमच स्वतःचा पगार आला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले बेकायदेशीर, आणि त्यांत पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी खांबांना तडे दिसले. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद झाली. शिवणाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावण्यात आले, आणि न आल्यास महिन्याचा पगार अडेल असे बजावल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. सकाळी वीज गेली, वरचे जनित्र सुरू झाले आणि इमारत बसली. १,१३४ माणसे मेली. त्या वेळी तेथील किमान पगार महिना तीन हजार टका होता.

पुढे जे घडले ते वर्थच्या पट्टीची आठवण करून देणारे आहे. येथे कोणाकोणाचा माल शिवला जात होता, हा प्रश्न उठला, तेव्हा कित्येक कंपन्या गप्प राहिल्या. इटलीच्या बेनेटन कंपनीने प्रथम संबंध नाकारला, आणि ढिगाऱ्यातील तिच्या लेबलांची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर कबूल केला. मृतांची नावे लागत नव्हती, लेबलांवरची मात्र स्वच्छ वाचता येत होती.

यानंतर इमारतींच्या तपासणीचा करार झाला, पुष्कळ कारखाने दुरुस्त झाले, आणि हे काम थोडेथोडके नव्हे. पगाराची गोष्ट वेगळी. २०२३ साली कामगारांनी महिना तेवीस हजार टक्यांची मागणी करून रस्त्यावर येऊन प्राण गमावले, तेव्हा साडेबारा हजार ठरले. त्याच वर्षी 'फोर्ब्स' नियतकालिकाच्या वार्षिक यादीत जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून ज्यांचे नाव आले ते बर्नार आर्नो, पॅरिसच्या अनेक नामांकित पोशाखपेढ्यांचे धनी. काही वर्षांपूर्वी थोडा काळ तेच स्थान स्पेनच्या अमान्सियो ओर्तेगांनी भूषविले होते. ओर्तेगा लहानपणी शाळा सोडून सदऱ्यांच्या दुकानात पोऱ्या म्हणून राहिले होते. त्यांच्या कर्तृत्वाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्या धंद्यातून एका हयातीत एवढे धन उभे राहते, त्यात शिलाईला पैसा पुरत नाही, हे म्हणणे आमच्या गळी उतरत नाही.

ट्रायँगलच्या आगीतील सहा मृतांची ओळख शंभर वर्षे पटलेली नव्हती. एका संशोधकाने जुनी वर्तमानपत्रे व कागदपत्रे धुंडाळून ती सहाही नावे २०११ साली निश्चित केली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच इमारतीवर उभारलेल्या स्मारकाच्या पोलादी पट्टीत सर्व एकशे सेहेचाळीस नावे कोरली गेली. राणा प्लाझातील ओळख न पटलेली अडीचशेहून अधिक प्रेते ढाक्याच्या जुराइन दफनभूमीत पुरली, तेव्हा थडग्यांवर क्रमांक घातले होते. पुढे नातलगांच्या रक्ताच्या तपासणीवरून त्यांतील पुष्कळांची नावे लागली. काही थडगी अद्याप क्रमांकांचीच आहेत.