डोमेन नाव नोंदणीवरील सीमापार कर (भारत)

डोमेन नाव नोंदणीवरील सीमापार कर म्हणजे संकेतस्थळाच्या नावाच्या नोंदणीसाठी ग्राहकाने दुसऱ्या राज्यातील किंवा देशातील रजिस्ट्रारला दिलेल्या शुल्कावरील अप्रत्यक्ष कर होय. भारतात १ जुलै २०१७ पासून हा कर वस्तू व सेवा कर (जीएसटी) कायद्यांनुसार आकारला जातो. त्याचा दर १८ टक्के आहे. हा कर उपभोगाच्या ठिकाणी लागतो. त्यामुळे कर कोणी भरायचा आणि तो कोणत्या राज्याला मिळायचा, हे ग्राहकाचे स्थान व त्याची जीएसटी नोंदणी यांवरून ठरते.

स्वरूप

डोमेन नाव विकत घेतले असे बोलीभाषेत म्हटले जात असले, तरी ग्राहकाला ठरावीक मुदतीपुरता वापराचा हक्क मिळतो व मुदत संपल्यावर नूतनीकरण करावे लागते. म्हणून नोंदणी ही वस्तूची विक्री न मानता सेवा मानली जाते. '.इन' व '.भारत' ही भारताची राष्ट्रीय डोमेन असून त्यांचे व्यवस्थापन निक्सी ही संस्था पाहते. देवनागरीतील '.भारत' २०१४ साली सुरू झाले व त्यात मराठीचाही समावेश आहे. '.कॉम' चे व्यवस्थापन व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी करते. मात्र कराच्या दृष्टीने नावाचा शेवट कोणता आहे याला महत्त्व नसून रजिस्ट्रार व ग्राहक कोठे आहेत याला आहे.

देशांतर्गत व्यवहार

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव येथील ग्राहकाने मुंबईतील रजिस्ट्रारकडे १,००० रुपयांची नोंदणी केल्यास ९० रुपये केंद्रीय व ९० रुपये राज्य जीएसटी लागतो. रजिस्ट्रार कर्नाटकातील असल्यास १८० रुपये एकात्मिक जीएसटी लागतो व त्यातील राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळतो. ग्राहकाची एकूण रक्कम दोन्ही वेळी सारखीच राहते.

मात्र अनोंदणीकृत ग्राहकाचा पत्ता पुरवठादाराच्या दप्तरी नसेल, तर पुरवठादाराचे ठिकाण हेच पुरवठ्याचे स्थान मानले जाते. अशा वेळी गोरेगावच्या ग्राहकाने भरलेल्या करातील राज्याचा वाटा कर्नाटकाकडे जातो. ही गळती थांबवण्यासाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाद्वारे ऑनलाइन सेवांच्या बीजकावर ग्राहकाच्या राज्याचे नाव नोंदवणे आवश्यक असल्याचे स्पष्ट केले.

परदेशी रजिस्ट्रार

परदेशातून आंतरजालाद्वारे पुरवल्या जाणाऱ्या सेवांना कायद्यात 'ऑनलाइन माहिती व विदा उपलब्धता किंवा पुनर्प्राप्ती सेवा' (ओआयडीएआर) म्हणतात. व्याख्येतील उदाहरणांत डोमेन नोंदणीचा स्वतंत्र उल्लेख नाही, परंतु व्यवहारात ती याच वर्गात धरली जाते. परदेशातून वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या अशा सेवांवर प्रथम १ डिसेंबर २०१६ पासून सेवाकर लागू झाला. जीएसटीत हीच पद्धत पुढे चालू राहिली.

ग्राहक अनोंदणीकृत असल्यास परदेशी पुरवठादाराने भारतात नोंदणी करून कर भरायचा असतो. त्याला २० लाख रुपयांच्या उलाढालीची सवलत नाही. देयकाचा पत्ता, कार्ड देणारी बँक, आयपी पत्ता, सिमकार्डचा देशसंकेतांक अशा सात निकषांपैकी परस्परविसंगत नसलेले कोणतेही दोन जुळल्यास ग्राहक भारतात असल्याचे मानले जाते. ग्राहक नोंदणीकृत असल्यास तो स्वतः रिव्हर्स चार्ज पद्धतीने कर भरतो. नियमित करदात्याला त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळू शकते, परंतु आपसमेळ योजनेतील व्यापाऱ्याला ते मिळत नाही.

२०२३ ची दुरुस्ती

मूळ कायद्यात परदेशी पुरवठादाराची जबाबदारी व्यवसायेतर वापरापुरती मर्यादित होती. त्यामुळे उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान दुकानदाराने व्यवसायासाठी परदेशातून नाव घेतल्यास रिव्हर्स चार्जचा भार त्याच्यावर येई. असा कर देणाऱ्यास नोंदणी सक्तीची असल्याने हजारभर रुपयांच्या व्यवहारासाठीही जीएसटी क्रमांक घेणे कायद्याने भाग होते. वित्त अधिनियम २०२३ द्वारे वापराच्या हेतूची अट वगळण्यात आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून अनोंदणीकृत ग्राहकाकडील अशा सेवेचा कर, वापर व्यवसायासाठी असला तरी, परदेशी पुरवठादारानेच भरायचा असतो.

प्राप्तिकराचा वाद

ग्राहकाकडून घेतला जाणारा जीएसटी व रजिस्ट्रारच्या उत्पन्नावरील प्राप्तिकर हे वेगळे विषय आहेत. गोडॅडी या अमेरिकी कंपनीचे नोंदणी शुल्क हे स्वामित्वशुल्क ठरते, असा निर्णय प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने २०१८ मध्ये दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये तो रद्द केला. रजिस्ट्रार हा ग्राहकाच्या डोमेन नावाचा मालक नसतो, त्यामुळे नोंदणी करून देणे म्हणजे स्वतःच्या हक्काचे हस्तांतरण नव्हे, असा या निकालाचा आशय आहे.