डीएनए व धातुपृष्ठ
डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाचा (डीएनए) रेणू सोन्यासारख्या धातूच्या पृष्ठाशी जखडण्याची प्रक्रिया. रोगनिदानासाठी वापरल्या जाणाऱ्या जैवसंवेदकांत तिला विशेष महत्त्व आहे.

डीएनए साखळीतील क्षारके सोन्याला आपोआपच चिकटतात; त्यांत ॲडेनिनाची पकड सर्वांत घट्ट, तर थायमिनाची सर्वांत सैल असते. परंतु अशा रीतीने पृष्ठावर आडवी पसरलेली साखळी पूरक साखळीशी सहजी जोडी जमवू शकत नाही आणि तिचा मुख्य गुणच निरुपयोगी होतो. म्हणून रेणू एका टोकाने बांधून उरलेला भाग मोकळा कसा ठेवावा, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर गंधकात सापडले. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी येथे घडविले जाणारे चांदीचे पैंजण हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे कालांतराने काळे पडतात. शुद्ध सोने मात्र तसे काळवंडत नाही. त्यावरून सोन्याला गंधकाचे वावडे असावे, असा समज होणे साहजिक असले, तरी तो बरोबर नाही. सोन्याच्या पृष्ठावरील अणू सेंद्रिय गंधकसंयुगांना घट्ट धरून ठेवतात. १९८३ मध्ये राल्फ नुझो व डेव्हिड अलारा यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डायसल्फाइड संयुगांचे सुव्यवस्थित थर सोन्यावर बसविले. त्यानंतर १९९६ मध्ये चॅड मर्किन, रॉबर्ट लेट्सिंगर व त्यांचे सहकारी यांनी टोकाशी गंधक असलेल्या डीएनए साखळ्या सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बांधल्या. हे कण सुटे असताना द्रावण तांबडे दिसते (असे तांबडे कलिल मायकेल फॅराडे यांनी १८५७ मध्येच अभ्यासिले होते). पूरक साखळीमुळे ते एकत्र आले की द्रावण निळसर-जांभळे होते. या रंगबदलावरून विशिष्ट डीएनए ओळखता येतो. सपाट सोन्यावर आडव्या पडणाऱ्या साखळ्यांची अडचण हर्न व टार्लोव्ह यांनी १९९७ मध्ये दूर केली. मर्कॅप्टोहेक्झॅनॉल हा लहान रेणू मधल्या जागा व्यापतो आणि साखळ्या उभ्या राहतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री, के. एन. गणेश व त्यांचे सहकारी यांनी पुणे विद्यापीठातील सी. व्ही. धर्माधिकारी यांच्यासह निराळा मार्ग अवलंबिला (२००१). डीएनएच्या कण्यातील फॉस्फेट गटांवर ऋण विद्युत् भार असतो. सोन्याच्या कणांवर लायसीन या ॲमिनो अम्लाचे आवरण देऊन ते धनभारित केले असता डीएनएच्या धाग्यावर ओळीने बसतात. द्रावणाचा थेंब पृष्ठावर ठेवून सुकू देणे, एवढीच मांडणीची कृती. येथे धातू डीएनएला धरीत नाही, तर डीएनएच धातूचा साचा बनतो. डीएनएला रासायनिक शेपूट जोडण्याचा खटाटोप वाचत असल्याने ही युक्ती अधिक सुटसुटीत म्हणावी लागेल; मात्र द्रावणातील लवणांचे प्रमाण वाढले की विद्युत् आकर्षण क्षीण होते.

गंधकाची पकडही अभेद्य नाही. उष्णतेने ती सुटते. तसेच कोशिकेतील ग्लुटाथायोनासारखी गंधकयुक्त संयुगे डीएनएची जागा बळकावतात. लेट्सिंगर व सहकाऱ्यांनी २००० मध्ये एकाऐवजी दोन गंधक अणू असलेले चक्रीय डायसल्फाइड टोकाशी जोडले, तेव्हा कण अधिक टिकाऊ झाल्याचे आढळले.