केशरचना व वेणीगुंफण, चंद्रपूर–गडचिरोली प्रदेशातील

केसांचे तीन किंवा अधिक सारखे भाग करून ते ठराविक क्रमाने एकमेकांवरून नेत गुंफणे म्हणजे वेणी घालणे होय. या प्रत्येक भागास ‘पेड’ म्हणतात. वेणी न घालता केस पिळून वा गुंडाळून मानेमागे बांधल्यास त्यास अंबाडा, बुचडा किंवा खोपा अशी नावे आहेत. पूर्व विदर्भातील चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत या दोन्ही प्रकारांची दीर्घ परंपरा आढळते. पूर्वीच्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळापुरता या दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो. मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी व बंगाली या भाषा बोलणारे समाज येथे शेजारी नांदत असल्याने केशरचनेचे अनेक प्रवाह या प्रदेशात एकत्र आले आहेत.

प्राचीन उल्लेख : अमरकोशा त वेणी, प्रवेणी, कबरी, धम्मिल्ल इ. शब्द आले असून त्यांवरून मोकळ्या, गुंफलेल्या व बांधलेल्या केसांसाठी वेगवेगळ्या संज्ञा रूढ होत्या, हे दिसते. पतीच्या विरहात स्त्रीने केसांचा शृंगार न करता एकच साधी वेणी धारण करावी, असा काव्यसंकेत होता; रामायणा तील सीतेचे वर्णन त्यास अनुसरून आहे. भट्टनारायणाच्या वेणीसंहार या नाटकाचे कथासूत्रच द्रौपदीच्या सुटलेल्या केसांभोवती गुंफलेले आहे. केस बांधलेले, सुटलेले की कापलेले, यावरून स्त्रीची सामाजिक अवस्था ओळखण्याची प्रथा अशा रीतीने फार जुनी आहे. वेणी हा शब्द पुढे नद्यांनाही लागू झाला. तीन प्रवाहांच्या संगमास त्रिवेणी म्हणतात. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड येथे इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी यांचा असाच संगम आहे.

शिल्पांतील पुरावा : वाकाटककालीन अजिंठा चित्रांत केशरचनेचे वैविध्य विपुल आढळते. सतराव्या क्रमांकाच्या लेण्यातील आरशात पाहणाऱ्या स्त्रीचे प्रसाधनदृश्य प्रसिद्ध आहे. या दृश्यात तिच्याजवळ सेविका आहेत. प्रस्तुत प्रदेशातील महत्त्वाचा पुरावा चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या मार्कंडा येथील मंदिरसमूहाचा होय. अलेक्झांडर कनिंगहॅम याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मंदिरांची पाहणी केली व शिल्पशैलीवरून ती दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमाराची मानली. तेथील स्त्रीमूर्तींचे केस मागे ओढून मोठ्या अंबाड्यात बांधलेले व अलंकारांनी सजविलेले दिसतात. मात्र शिल्पावरून केवळ पूर्ण झालेली रचना कळते. ती कोणी बांधली, कशी बांधली व बांधणारीने ते कोणाकडून शिकले, हे शिल्प सांगत नाही. केशरचनेच्या इतिहासातील ही मुख्य अडचण आहे.

केसांची लांबी व रचना : मानवी डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात व ते दरमहा साधारणपणे १ ते १·२५ सेंमी. वाढतात. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ बहुधा दोन ते सहा वर्षांचा असतो व त्यानंतर तो गळतो. साहजिकच कोणाचे केस खांद्याखाली जाणार व कोणाचे कमरेपर्यंत पोहोचणार, हे मुख्यतः या कालमर्यादेवर अवलंबून असते. पारंपरिक केशरचनेने ही मर्यादा गृहीत धरूनच निरनिराळे प्रकार सिद्ध केले आहेत.

लहान मुलींचे केस आखूड व मऊ असल्याने त्यांचा पेड टिकत नाही. अशा वेळी भांगाच्या दोन्ही बाजूंस बटा घेऊन त्या दोऱ्याने बांधतात. केस मानेपर्यंत आले, की कपाळाजवळच्या तीन लहान बटांपासून आरंभ करून प्रत्येक वेढ्यास बाजूचे थोडे थोडे केस त्यांत मिळवीत जातात. या वेणीस सागरवेणी म्हणतात. मागे एकाच ठिकाणी गोळा न होऊ शकणारे आखूड केस तीत डोक्यालगत धरून ठेवता येतात. खांद्याखाली पोहोचलेल्या केसांची तिपेडी वेणी घालतात. तीत कडेचा एकेक पेड आळीपाळीने मधल्या पेडावरून नेतात. गुंफणीत लांबी खर्ची पडत असल्याने वेणी मोकळ्या केसांपेक्षा आखूड होते व तिचे टोक बारीक राहते. ही उणीव भरून काढण्यासाठी आगवळ म्हणजे सुती वा रेशमी दोरा पेडांबरोबर गुंफून खाली गोंडे सोडतात. केस विरळ असल्यास गंगावनाची जोड देतात. गंगावन हे माणसाच्या केसांचे, वनगाईच्या शेपटीच्या केसांचे किंवा काळ्या सुताचे असते.

दाट व कमरेपर्यंत लांब केसांची पाचपेडी वेणी घालता येते. तीत कडेचा पेड शेजारच्या पेडावरून व नंतर मधल्या पेडाखालून नेऊन मध्यभागी आणतात. हीच क्रिया दोन्ही बाजूंनी आळीपाळीने करतात. ही वेणी रुंद व चपटी होत असल्याने तीवर फुले वा सोन्याचांदीचे नग शोभून दिसतात. याहून लांब केस कामात अडथळा आणतात. म्हणून ते पिळून वा वेणीचाच वेढा करून अंबाडा बांधतात. धान रोवणी, मोहफुले वेचणे, तेंदूपाने तोडणे, डोक्यावर मोळी वाहणे अशी कामे करणाऱ्या स्त्रियांना लोंबती वेणी सोयीची नसते. या प्रदेशातील श्रमिक स्त्रियांमध्ये अंबाडा अधिक रूढ असण्याचे कारण सौंदर्यदृष्टीइतकेच श्रमाच्या गरजेतही आहे.

खोपा या शब्दाचा प्रसार या दृष्टीने लक्षणीय आहे. मराठीत तो पक्ष्याच्या घरट्यासही लावतात. छत्तीसगढीत अंबाड्यास खोपा, बंगालीत खोंपा व तेलुगूत कोप्पू म्हणतात. कोरची-कुरखेड्याकडील छत्तीसगढी भाषक, १९६० नंतर चामोर्शी-मुलचेरा भागात वसविलेली पूर्व बंगालमधील निर्वासित कुटुंबे आणि गोदावरी-प्राणहितेच्या काठचे सिरोंचा तालुक्यातील तेलुगू भाषक या सर्वांत हे निकटचे शब्द ऐकू येतात. तेलुगू स्त्रियांत वेणीस ‘जडा’ म्हणतात व तिच्या टोकाला ‘जडकुच्चुलू’ हे गोंडे लावून ती फुलांनी सजवितात. जिवती परिसरातील बंजारा स्त्रियांची रीत वेगळी आहे. त्यांच्यात कानशिलांजवळील केसांच्या बारीक वेण्यांना ‘घुगरी-टोपली’ हे चांदीचे अलंकार अडकविण्याची प्रथा असून ते विवाहित स्त्रीचे चिन्ह मानले जाते.

साधने : केस मोकळे करण्यासाठी विरळ दात्यांचा कंगवा व उवा-लिखा काढण्यासाठी बारीक दात्यांची फणी वापरतात. पूर्वी ही साधने लाकूड, बांबू व शिंग यांची असत. वनप्रदेशात मोहाच्या बियांचे तेल केसांना लावतात. ते थंडीत थिजत असल्याने थोडे ऊन करून घ्यावे लागते. तेलामुळे गुंता सुटतो, पेड एकसारखे राहतात व बारीक केस बाहेर निसटत नाहीत.

गोंड, माडिया व मुरिया समाजांत फणी हे केवळ साधन नसून अलंकारही आहे. भामरागड, एटापल्ली या भागांतील माडिया स्त्रिया केस मागे विंचरून मानेजवळ गाठ बांधीत व तीत फण्या, आकडे, मणी, फुले खोवीत. सीमेपलीकडील बस्तरच्या मुरियांविषयी व्हेरिअर एल्विन याने द मुरिया अँड देअर घोटुल (१९४७) या ग्रंथात विस्तृत माहिती दिली आहे. तेथील युवागृहात चेलिक म्हणजे तरुण आपल्या हाताने कोरलेल्या लाकडी फण्या मोटियारींना म्हणजे तरुणींना भेट देत व त्या आपल्या केसांत मिरवीत. तरुणींनी तरुणांचे केस विंचरणे हा युवागृहातील नित्यक्रमाचा भाग होता. द ट्रायबल आर्ट ऑफ मिड्ल इंडिया (१९५१) या ग्रंथातही एल्विनने फण्यांवरील कोरीवकामाची दखल घेतली आहे. मुरियांच्या चालीरीती माडियांना जशाच्या तशा लागू करणे मात्र योग्य नव्हे. माडियांचे गोटुल हे प्रामुख्याने मुलग्यांच्या मुक्कामाचे, गावाच्या बैठकीचे व पाहुण्यांना उतरविण्याचे स्थान होय.

शिक्षणपद्धती : वेणी घालणारीस स्वतःच्या डोक्याची मागील बाजू दिसत नाही. पाचपेडी वेणी वा सागरवेणी स्वतःची स्वतः नीट घालणे बरेच कठीण असते. परिणामी ही कला परस्परांवर अवलंबून राहिली. आई मुलीची, थोरली बहीण धाकटीची, जाऊ जावेची व शेजारीण शेजारणीची वेणीफणी करते. ओसरीवर वा अंगणात एकीपुढे एक बसून चालणारे हे काम हेच या कलेचे विद्यालय होय. मुलगी प्रथम वाखाच्या वा चिंध्यांच्या तीन पट्ट्या खुंटीला बांधून गुंफणीचा क्रम हातात बसविते, मग धाकट्या बहिणीचे केस हाती घेते. गुंता टोकाकडून मुळाकडे सोडविणे, भांग सरळ पाडणे, पेडांची जाडी सारखी ठेवणे व ओढ अशी राखणे, की वेणी सैल पडू नये व कपाळही दुखू नये, या चार गोष्टी तिला साधाव्या लागतात. यांपैकी ओढ ही शब्दांनी शिकविता येत नाही. प्रथम आपल्या डोक्यावर ती अनुभवावी लागते व त्यानंतरच ती दुसऱ्याच्या डोक्यावर उतरते. म्हणून जिची वेणी घातली जाते, तीही त्या वेळी शिकतच असते.

सामाजिक संदर्भ : ज्या समाजांत विधवेचे केशवपन रूढ होते, त्यांत तिच्या केसांबरोबर स्त्रियांच्या या नित्य सहवासातील तिचे स्थानही हिरावले जाई. या प्रथेविरुद्ध महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकात तीव्र चळवळ झाली. सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० च्या सुमारास मुंबईतील नाभिकांनी केशवपनाचे काम न करण्याचा निर्धार केला. गोंड समाजात विधवेचा पुनर्विवाह परंपरेने मान्य होता.

आधुनिक काळ : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शाळा, विशेषतः निवासी आश्रमशाळा, वनप्रदेशात पसरल्या. त्यांच्याबरोबर फितीने वर बांधलेल्या दोन वेण्या हा गणवेशाचाच एक भाग झाला. भाषा व जमात कोणतीही असो, सर्व मुलींची केशरचना त्यामुळे एकसारखी दिसू लागली. काही निवासी शाळांत उवांच्या उपद्रवामुळे केस आखूड ठेवण्याकडे कल राहिला. घरापासून दूर राहणाऱ्या मुलीला आई-आजीच्या हातून होणारी वेणीफणी दुरावली. उलटपक्षी वसतिगृहात निरनिराळ्या गावांच्या मुली एकमेकींच्या वेण्या घालू लागल्या व नवे प्रकार शिकल्या. लाकडी व बांबूच्या फण्यांची जागा बहुतांशी प्लॅस्टिकच्या कंगव्यांनी घेतली. तालुक्याच्या गावी सौंदर्यप्रसाधनगृहे निघाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत केस व त्वचा यांच्या प्रसाधनाचा अभ्यासक्रम आल्याने पूर्वी मोबदल्याविना चालणारे हे कौशल्य अनेकींच्या उपजीविकेचे साधन झाले. लग्नसराईत सागरवेणी, पाचपेडी वेणी व फुलांचा अंबाडा यांस आजही मागणी असते.

या परिवर्तनात रचनांपेक्षा त्यांची नावे व शिकविण्याची रीत अधिक वेगाने विस्मृतीत जाण्याचा संभव आहे. आदिवासींचे अलंकार व वापरातील वस्तू संग्रहालयांत जतन केल्या जातात. आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या पुणे येथील संग्रहालयात असा संग्रह आहे. परंतु फणी जतन झाली, तरी ती कोणत्या गाठीत, कोणत्या बाजूने व कोणाच्या हातून खोवली जाई, हे वस्तूवरून उमगत नाही. त्यासाठी माडिया, गोंडी इ. भाषांतील केशरचनेच्या संज्ञा व प्रत्यक्ष गुंफणीचा क्रम जाणत्या स्त्रियांकडून टिपून ठेवणे आवश्यक आहे. मार्कंड्याच्या मूर्तींचे अंबाडे शतकानुशतके टिकले. ते बांधणाऱ्या हातांचे ज्ञान मात्र त्या त्या पिढीने पुढच्या पिढीचे केस हाती घेतले, तेवढ्यामुळेच टिकून राहिले आहे.