चेहरा आणि उजेड : छायाचित्रगृहापासून व्हिडिओ संवादापर्यंत (टेमघर, भिवंडी यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयाचा वर्ग प्राध्यापकांच्या घरात आला. टेमघर येथील दोन खोल्यांच्या घरातून प्रस्तुत लेखकाने पहिला तास घेतला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, आवाज येतोय, पण तुम्ही दिसत का नाही?" लेखकाच्या पाठीमागे खिडकी होती. पडद्यावर खिडकी लख्ख दिसत होती आणि चेहऱ्याच्या जागी काळी आकृती होती. कॅमेऱ्यासमोरील चेहऱ्यावर उजेड आणणे हे दीड शतकाहून अधिक काळ व्यावसायिकांचे कौशल्य होते. ते सामान्य घरापर्यंत कसे आले आणि त्याचा भार कोणावर पडला, याचा विचार सदर लेखात केला आहे.

छायाचित्रगृह आणि उत्तरेचा उजेड :
मुंबईत १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे आरंभीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी एक होत. तत्कालीन काचपट्ट्यांची प्रकाशसंवेदनशीलता अल्प असल्याने उजेड भरपूर लागे. मात्र थेट ऊन चेहऱ्यावर कठोर सावल्या पाडते. म्हणून युरोपातील छायाचित्रगृहांत उत्तरेकडील मोठी काच आणि पांढरे पडदे ही पद्धत रूढ झाली. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. भिवंडी सुमारे १९.३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरच्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो. उसना नियम स्थानिक आकाशाशी ताडून घ्यावा लागतो, हे यावरून लक्षात येते.

चित्रपटसृष्टीतील प्रयोग :
छायाचित्रणाचा व्यवसाय केलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) प्रामुख्याने सूर्यप्रकाशाच्या आधारे चित्रित केला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सिंहगड' (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाशाचा वापर केल्याची नोंद चित्रपट-इतिहासात आढळते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. बोलपटाला बाहेरचा आवाज टाळणारा बंदिस्त मंच आवश्यक झाला आणि विजेच्या दिव्यांवरील अवलंबन वाढले. मुख्य प्रकाश, सावली सौम्य करणारा पूरक प्रकाश आणि आकृती पार्श्वभूमीपासून सुटी करणारा मागील प्रकाश ही विभागणी स्थिरावली. चेहरा नटाचा असला तरी उजेड दुसऱ्याच्या हाती होता, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

टेमघरमधील घर :
यंत्रमागांच्या या शहरात भारनियमन ही दीर्घकाळ नित्याची बाब होती. जानेवारी २००७ मध्ये वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे सोपविण्यात आले. तथापि घरातील दिवा खोली उजळण्यासाठी लावलेला असतो, चेहरा उजळण्यासाठी नव्हे. डोक्यावरील नळीच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात. कॅमेरा सामान्यतः संपूर्ण चौकटीतील उजेडाचा मेळ घालतो. त्यामुळे मागील खिडकी चेहरा काळा करते. उपाय खर्चिक नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसावे. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत असल्यास, ती फिकट रंगाची असेल तर तोच परावर्तक ठरतो. रात्री मेजावरचा दिवा पडद्याच्या मागे, डोळ्यांच्या थोडा वर ठेवून त्याचा झोत समोरच्या पांढऱ्या भिंतीवर टाकावा. परतणारा उजेड मऊ असतो. लहान दिव्याचे अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून जवळ बसणे हिताचे. पिवळा व पांढरा दिवा एकत्र लावू नये. पडद्यावर पट्टे सरकत असतील, तर कॅमेऱ्याची मांडणी आपल्या विजेप्रमाणे ५० हर्ट्झवर ठेवावी.

निष्कर्ष :
या तांत्रिक बाबींपेक्षा गंभीर प्रश्न वेगळा आहे. टाळेबंदीच्या काळात कॅमेरा बंद ठेवणाऱ्या विद्यार्थ्यांची प्रस्तुत लेखकाने काही दिवस गैरहजेरी मांडली. त्यांपैकी एकाच्या घरी एकच दिवा होता आणि त्याखाली धाकटी भावंडे अभ्यासाला बसत, हे नंतर समजले. तो अंधारात बसून तास ऐकत होता. छायाचित्रगृहात वा चित्रमंचावर चेहऱ्याला उजेड पुरविणे हे संस्थेचे काम होते. व्हिडिओ संवादाने संस्थेचा अधिकार घरापर्यंत पोहोचविला, परंतु तिचा दिवा मात्र पोहोचला नाही. मौखिक परीक्षा, मुलाखती व कार्यशाळा आजही याच माध्यमातून होत असतात. अशा वेळी महाविद्यालयाने योग्य प्रकाशयोजना असलेली एक खोली विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवणे अवघड नाही. चेहरा दिसणे हा उपस्थितीचा निकष ठरवायचा असेल, तर तो चेहरा कोणाच्या उजेडात दिसणार, हे आधी ठरवावे लागेल.