"काय वाचू?" या प्रश्नाची शंभर वर्षं

आजचा एपिसोड एका छोट्या प्रश्नाबद्दल आहे. "काय वाचू?"

हा प्रश्न तुम्हाला कुणीतरी विचारलेला असणारच. रूममेटने, मावसबहिणीने, नाहीतर ऑफिसमधल्या त्या माणसाने ज्याने शाळा सुटल्यापासून पुस्तक हातात धरलेलं नाही. आणि आपलं उत्तर ठरलेलं असतं. 'मृत्युंजय' वाच, पु.ल. वाच, विषय संपला. समोरचा कोण आहे, त्याला काय हवंय, हे आपण विचारतच नाही. स्वतःला आवडलेलं पुस्तक त्याच्या हातात कोंबतो आणि त्याने ते वीस पानांवर सोडलं की म्हणतो, हल्ली कुणी वाचत नाही बुवा.

तर योग्य माणसाला योग्य पुस्तक कसं द्यायचं, यावर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी फार गंभीरपणे विचार झालाय. इतका, की आज तुमच्या फोनमधलं ॲप जे करतं त्यातलं अर्धं तेव्हा सांगून झालं होतं. आणि उरलेलं अर्धं ॲपला अजून जमलेलं नाही.

सुरुवात बडोद्यापासून करू. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे, मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ साली दत्तक जाऊन ते बडोद्याच्या गादीवर आले. १९०६ मध्ये त्यांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण मग पुढची अडचण आली. पोर शाळेत वाचायला शिकलं, चौथीनंतर शेतात गेलं, गावात वाचायला कागदाचा कपटा नाही. शिकलेली अक्षरं किती दिवस टिकणार?

म्हणून १९१० मध्ये सयाजीरावांनी थेट अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. पुढच्या तीन वर्षांत बॉर्डनने संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. मध्यवर्ती ग्रंथालय, त्यात महिलांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग, मग शहरं, तालुके, गावं. आणि जिथे वाचनालय नाही तिथे फिरतं वाचनालय. म्हणजे काय, तर पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी. ती गावात ठराविक मुदतीसाठी राहायची, मग दुसऱ्या गावाला जायची.

आता त्या पेटीकडे जरा माझ्या नजरेने बघा. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला ती पेटी म्हणजे चक्क होम स्क्रीन वाटते. जागा मोजकी. त्यात धार्मिक किती, गोष्टींची किती, शेतीची किती, हे बडोद्यात बसलेला माणूस ठरवणार. वाचणारा त्याने कधी पाहिलेलासुद्धा नाही. पुस्तक गावात पोहोचलं ही प्रचंड मोठी गोष्ट होती. पण 'कुणाला कुठलं' हा प्रश्न अजून बाकीच होता.

तो ज्याने सोडवायला घेतला तो माणूस गणिताचा प्राध्यापक होता. शियाळी रामामृत रंगनाथन, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायचे. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अक्षरशः कंटाळले. दिवसभर पुस्तकांच्या राशीत एकटं बसायचं, बोलायला माणूस नाही. त्यांनी प्राचार्यांकडे जाऊन विनवलं, मला परत शिकवायला घ्या. ठरलं असं की आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, तरीही कंटाळा आला तर बघू.

लंडनमध्ये शिकताना त्यांनी तिथली बरीच वाचनालयं पालथी घातली. तिथे पुस्तकं कपाटात कुलूपबंद नव्हती. लोक आत शिरत होते, हाताळत होते, विचारत होते. आपल्याकडे मात्र पुस्तक जपणं म्हणजेच ग्रंथपालाचं काम, अशी समजूत होती. रंगनाथन परत आले ते पुन्हा गणिताकडे वळलेच नाहीत. मद्रासला त्यांनी कपाटं वाचकांसाठी मोकळी केली आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणारं पुस्तक काढलं.

ते पाच नियम मी माझ्या भाषेत सांगतो. एक, पुस्तक वापरण्यासाठी आहे, जपून ठेवण्यासाठी नाही. दोन, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. तीन, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चार, वाचकाचा वेळ वाया घालवू नका. पाच, ग्रंथालय जिवंत आहे, ते वाढत राहणार.

आता दुसरा आणि तिसरा नियम पुन्हा ऐका. सारखेच वाटतात ना? पण नाहीत. दुसऱ्या नियमात आपण वाचकाच्या बाजूने उभे असतो: याला काय हवंय? तिसऱ्यात पुस्तकाच्या बाजूने: हे कोपऱ्यात धूळ खात पडलंय, पण याची वाट बघणारा कुणीतरी नक्की आहे, तो कुठे सापडेल? आज आपलं घोडं अडलंय ते या तिसऱ्या नियमाशी.

मग हे काम मशीनकडे कधी गेलं? इथे आपल्याला बडोदा-मद्रास सोडून अमेरिकेत जावं लागतं. १९७९ साली एलेन रिच या कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बाईंनी 'ग्रंडी' नावाच्या प्रोग्रामवर पेपर लिहिला. ग्रंडी म्हणजे कॉम्प्युटरमधला ग्रंथपाल. तो आधी म्हणायचा, स्वतःचं वर्णन चार शब्दांत कर. त्या शब्दांवरून तुमचा साचा ठरवायचा आणि कादंबरी सुचवायचा. नको म्हटलंत तर विचारायचा, का नको? आणि तुमच्याबद्दलचा अंदाज सुधारायचा. साचे ठोकळेबाज होते, मान्य. पण तो विचारत होता, हे महत्त्वाचं.

पुढे १९९२ मध्ये झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात 'टॅपेस्ट्री' आलं. ईमेलचा पूर आवरायला तिथल्या लोकांनी युक्ती काढली: बाकीच्यांनी काय उपयोगी म्हटलंय, त्यावरून तुझ्यासाठी गाळू. यालाच कोलॅबोरेटिव्ह फिल्टरिंग म्हणतात. ॲमेझॉनने हीच कल्पना पुस्तकांच्या दुकानाला लावली. त्यांच्या इंजिनियरांचा २००३ चा पेपर प्रसिद्ध आहे. हे पुस्तक घेणाऱ्यांनी आणखी काय घेतलं, त्याचा हिशेब मांडायचा आणि तेच तुम्हाला दाखवायचं. इथे कुणी तुम्हाला काही विचारत नाही. गंमत म्हणजे पुस्तकात काय आहे हेही मशीनला माहीत असण्याची गरज नाही. कुणी काय विकत घेतलं, एवढं पुरे.

ही पद्धत चालते, जोरात चालते. रंगनाथनांचा चौथा नियम तर ती झकास पाळते, वेळ वाचतो. पण तिच्यात एक खोट आहे, तिला आमच्या धंद्यात कोल्ड स्टार्ट म्हणतात. ज्या पुस्तकावर कुणी क्लिकच केलेलं नाही, त्याबद्दल मशीनकडे माहिती शून्य. माहिती नाही म्हणून सुचवत नाही, सुचवत नाही म्हणून क्लिक नाही. जे खपतं तेच पुढे येतं, आणि पुढे येतं म्हणून आणखी खपतं.

आता हे मराठीला लावून बघा. पन्नास वर्षांपूर्वीची आवृत्ती, ई-बुक नाही, ऑनलाइन दोन ओळींचा अभिप्राय नाही. असं पुस्तक अल्गोरिदमच्या लेखी जन्मालाच आलेलं नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात दहा हजारांहून जास्त वाचनालयं उभी राहिली. यातली कितीतरी पुस्तकं आज फक्त त्यांच्याच कपाटांत सापडतील. ती कुणी मागितली नाहीत, तर एक दिवस रद्दीत जातील. म्हणजे तिसरा नियम पाळायचा तर माणूसच लागणार. तुम्ही आणि मी.

मग सुचवायचं कसं? इथेही रंगनाथनच कामाला येतात. १९३३ मध्ये त्यांनी पुस्तकं लावायची स्वतःची पद्धत काढली, कोलन वर्गीकरण. तिचा गाभा असा की पुस्तकाला एकच खाना नसतो, अनेक पैलू असतात. विषय, स्थळ, काळ, त्यात घडणारी क्रिया. लंडनच्या दुकानात पाहिलेल्या मेकॅनो या खेळण्यावरून त्यांना हे सुचलं: तेच तुकडे, वेगवेगळी जोडणी. मी यातून स्वतःपुरती युक्ती काढलीय. समोरच्याला आवडलेला एक पैलू धरून ठेवायचा आणि प्रकार बदलायचा.

समजा कुणाला सायन्स फिक्शन आवडतं. त्याला जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी' द्या. त्या विज्ञानकथा आवडल्या की त्यांचंच 'आकाशाशी जडले नाते'. लेखक तोच, आकाश तेच, पण आता कथा नाही, खरं खगोलशास्त्र.

कुणी ट्रॅव्हल व्हिडिओ बघत असतं. त्याला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' द्या. वरसईचा एक गरीब भिक्षुक पैसे मिळवायला उत्तरेत जातो आणि १८५७ च्या बंडात सापडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा माणूस शहरात होता! इतिहासाचं पुस्तक म्हणून दिलंत तर तो उघडणार नाही, प्रवासाचं म्हणून द्या.

कुणाला 'बनगरवाडी' आवडली? व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, माणदेशातल्या धनगरवस्तीवरची. मग त्यांचंच 'नागझिरा' द्या. बघणारा डोळा तोच, फक्त वस्तीच्या जागी जंगल.

आणि जिला विनोदी आवडतं पण आत्मचरित्र म्हटलं की जांभई येते, तिला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो, पुन्हा जुळतो, आणि ही बाई हे सगळं सांगताना आपल्याला हसवत राहते.

हे जमायला दोनच प्रश्न पुरतात. शेवटचं काय आवडलं होतं? पुस्तकच असं नाही, सिनेमा चालेल, वेब सीरिज चालेल. आणि त्यातलं नेमकं काय आवडलं? ग्रंडी 'का नको?' विचारायचा, आपण 'का हवं?' विचारू.

तर या आठवड्यात एक करा. जवळच्या वाचनालयात जा आणि असं एक पुस्तक काढा ज्याच्या मागच्या पानावर गेल्या कित्येक वर्षांत तारखेचा शिक्का पडलेला नाही. पन्नास पानं वाचा. आवडलं तर स्वतःला विचारा, हे माझ्या ओळखीत कुणासाठी आहे? आणि त्या माणसाला फोन करा. लिंक पाठवू नका, फोन करा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वाचत राहा!