नियमातला एक शब्द आणि गिरणगावाची जमीन

करी रोडच्या चाळीत वाढलेली पोरं आज विरार, बदलापूर, पनवेलला राहतात आणि सकाळी लोकलला लटकून त्याच करी रोडला कामाला येतात. जिथे बापानं साचे चालवले तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. आपण "नशीब" म्हणून सोडून देतो. पण हे नशिबानं नाही, नियमानं झालंय. म्हणून थोडा इतिहास.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली. 1856 ला ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा भोंग्यावर चालायला लागलं. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस दहा-पंधरा जणांबरोबर एका खोलीत राहायचा. दिवसपाळीवाला उठला की रातपाळीवाला त्याच जागी पथारी टाकायचा. जेवण खानावळीत. प्रेमा पुरव यांनी 1975 ला अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. गिरणीचा पगार वाणी, शिंपी, खानावळ असा सगळ्या वस्तीत फिरायचा. 1947 च्या भाडे कायद्यानं खोलीचं भाडंही आवाक्यात ठेवलं. घर चांगलं होतं असं नाही, पण कामापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं आणि पगारात बसत होतं.

18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकेक करून थंडावल्या आणि कापडापेक्षा खालच्या जमिनीला किंमत आली. अशी जमीन होती सुमारे 600 एकर.

1991 साली सरकारनं विकास नियंत्रण नियमावलीत 58 वा नियम आणला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानानं तीन वाटे: एक महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. हिशेब सरळ होता. म्हणूनच फारसे मालक पुढे आले नाहीत.

2001 ला नियम बदलला. वाटणी राहिली, पण फक्त "मोकळ्या" जमिनीची. ज्यावर गिरणीची शेड उभी, ती जमीन वाटणीतून बाहेर. आता तुम्हीच सांगा, गिरणीच्या आवारात मोकळं असं असतं किती? मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये लोकांच्या बाजूनं निकाल दिला, पण मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 2001 चा बदल कायम ठेवला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. 2012 ला गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, घरं सात हजारांच्या आत. अर्ज करणारे कामगार आणि वारस मात्र दीड लाखाच्या आसपास. अनेक म्हातारे कामगार वाट बघत गेले. मैदानंही गेली ती गेलीच.

एका शब्दानं इतकं झालं. आज आपल्या चाळींचा पुनर्विकास चाललाय. बिल्डरच्या चकचकीत चित्रात किती मजले आहेत ते नंतर बघा. आधी करारात "क्षेत्रफळ" म्हणजे नेमकं कुठलं, "देखभाल खर्च" कोण आणि किती वर्षं भरणार, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून विचारा. आपल्या आजोबांना 2001 मध्ये कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला अजून विचारता येतंय.