सायकल-इंजिन : फ्रीव्हील आणि चालू करण्याची जुळणी
साध्या सायकलच्या फ्रेममध्ये छोटे पेट्रोल इंजिन बसवले, की बहुतेक वेळा किकही नसते आणि सेल्फ-स्टार्टही. पहिले फेरे द्यायचे ते स्वाराच्या पायांनी. हा जोर इंजिनपर्यंत पोचणार की नाही, हे फ्रीव्हील कुठे बसवले यावर ठरते.

फ्रीव्हीलमधल्या स्प्रिंगच्या खिट्ट्या एका दिशेने दात्यांत अडकतात, उलट दिशेने टिकटिक करत घसरतात. म्हणून उतारावर पाय थांबवले तरी सायकल धावते.

जगभर खपलेल्या चिनी टू-स्ट्रोक किटमध्ये उजवीकडची मूळ चेन आणि फ्रीव्हील तसेच राहते. डावीकडे इंजिनची वेगळी चेन असते. तिचे ४४ दात्यांचे स्प्रॉकेट रबरी चकत्या घालून थेट स्पोकवर आवळतात. इथे फ्रीव्हील मुद्दामच नसते. स्वार क्लच दाबून पेडल मारतो, वेग आला की क्लच सोडतो, आणि चाकच इंजिनला फिरवते. इंजिनपासून चाकापर्यंतचे प्रमाण साधारण १८:१ असल्याने २६ इंची चाकावर ताशी १० किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाला सुमारे १,४५० फेरे होतात. पेट घ्यायला तेवढे पुरतात. ('८० सीसी' म्हणून विकल्या जाणाऱ्या या इंजिनाचा ४७ मिमी बोअर आणि ३८ मिमी स्ट्रोकचा हिशेब ६६ सीसीच भरतो!)

डावीकडेही फ्रीव्हील लावले तर इंजिन बंद असताना सायकल हलकी चालते, पण पेडल मारून किंवा ढकलून ते चालू होत नाही. सेंट्रिफ्यूगल क्लचच्या फोर-स्ट्रोक इंजिनाला ही जुळणी शोभते, कारण तो क्लच बंद इंजिन चाकाशी जोडतच नाही. तिथे दोरी ओढूनच काम भागते.

इंजिनाचा जोर सायकलच्या गिअरमधून न्यायचा असेल, तर आणखी एक फ्रीव्हील पेडलच्या क्रँकमध्ये लागते. ते नसेल, तर इंजिनाबरोबर पेडलही फिरून पायावर आदळतील.

१९४६ साली बाजारात आलेल्या फ्रेंच व्हेलोसोलेक्सने ही सगळी गुंतागुंतच टाळली: इंजिनाचा रोलर पुढच्या टायरवर टेकवायचा, झाले. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची १९७२ची लुना मात्र स्टँडवर लावून पेडल मारत चालू करत.

भारतात २५ सीसीपेक्षा मोठे इंजिन बसवलेली सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते.